पॉली मरे यांच्या गावांतून चार दिवस

एका पावलीपासून हा प्रवास सुरू झाला. पंचवीस सेंटच्या नाण्याला इकडे क्वार्टर म्हणतात, पण माझ्या तोंडी पावलीच येते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीला लेकीकडे आले की आल्डीतून दूध-भाजी आणायचं काम माझ्याकडे असतं, आणि तिथली ट्रॉली साखळीतून सोडवायला खाचेत पावली सरकवावी लागते. ट्रॉली परत लावली की नाणं सुटतं. त्या दिवशी सुटलेलं नाणं वेगळं होतं. त्यावर इंग्रजी ‘होप’ हा चार अक्षरांचा शब्द होता आणि त्या अक्षरांच्या पोटात चष्मा घातलेला एक चेहरा कोरलेला होता. नातवानं नाव वाचलं, “पॉली मरे. आजी, यांचं घर डरहॅमला आहे. आपल्यापासून अर्ध्या तासावर.”

रात्री लेकीनं वाचून दाखवलं. अमेरिकेच्या टांकसाळीनं २०२४ साली काढलेलं हे नाणं. बाई वकील, कवयित्री, प्राध्यापिका. आणि शेवटी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, एपिस्कोपल चर्चच्या पाद्री. त्या चर्चची दीक्षा मिळालेल्या पहिल्या आफ्रिकन अमेरिकन स्त्री. मी आज सहासष्ट वर्षांची आहे. नाशिकला पंचवटीत मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणूस काय करतं, हे मी आजूबाजूला पाहतेच आहे. ही बाई मात्र प्राध्यापकी सोडून पुन्हा विद्यार्थिनी झाली होती. नातवाला ‘ट्रॅक आउट’ची, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या शाळांत मधेमधे असते ती सुट्टी होती. लेकीनं दोन दिवसांची रजा टाकली, आणि ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी आम्ही निघालो.

गुरुवार, डरहॅम

९०६, कॅरोल स्ट्रीट. उतारावरचं लाकडी दुमजली घर, पुढे ओसरी. १८९८ साली पॉलींचे आजोबा रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांनी ते बांधलं. आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे आणि २०२४ पासून तिथे पॉली मरे यांच्या नावाचं केंद्र चालतं. आम्ही सकाळी लवकर पोचलो, आत जायची वेळ झालेली नव्हती. पण बाहेरून घराला वळसा घालताना मला जे पाहायचं होतं ते दिसलं. घराच्या पाठीमागे चढ आहे, आणि चढावर मेपलवूड दफनभूमी.

ही दफनभूमी गोऱ्यांची होती. पाऊस आला की तिच्यातलं पाणी उतारानं या घराच्या परसात यायचं. पॉलींनी बालपणाविषयी लिहिताना हे पाणी विसरलेलं नाही. मी परसाच्या कडेला उभी राहिले आणि चढाकडे पाहिलं. आपल्याकडे कुणाची वस्ती वरच्या अंगाला आणि कुणाची खालच्या अंगाला, हे वेगळं सांगावं लागत नाही. पाणी कुठून कुठे वाहतं यावरून कळतं.

रॉबर्ट आजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध, उत्तरेच्या बाजूनं लढले आणि युद्धानंतर दक्षिणेत आले ते नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायला. पुढे विटांच्या धंद्यात पडले, मग हळूहळू नजर गेली. पॉलींचा जन्म १९१० चा, बाल्टिमोरचा. १९१४ साली आई गेली तेव्हा ही पोर जेमतेम साडेतीन वर्षांची. जिच्या नावावरून हिचं पॉलीन नाव ठेवलं, त्या पॉलीन मावशीनं तिला इथे आणलं. मावशी शाळामास्तरीण. घरी पोरीकडे बघायला कोण, म्हणून तिला आपल्याच वर्गात नेऊन बसवायची. मोठ्या मुलांचे धडे ऐकता ऐकता ती वाचायला शिकली आणि घरी येऊन आंधळ्या आजोबांना वाचून दाखवू लागली. वडील शिक्षक, आजोबा शिक्षक, मावश्या शिक्षिका. मीही माझ्या लेकीला अशीच वर्गात मागच्या बाकावर बसवत असे, पाटीवर फुलं काढायला लावून. लेकीला ते आठवलं. “आई, तू मला पण ‘आत बोलायचं नाही’ म्हणून दटवायचीस,” ती म्हणाली.

आजोबांना मेपलवूडला लागून असलेल्या कुटुंबाच्या जागेत पुरलं. मेपलवूडमध्ये दक्षिणेकडून लढलेल्या सैनिकांच्या थडग्यांवर दरवर्षी त्यांचे झेंडे लागायचे, ओळीनं. इकडे पॉलीनं आपल्या आजोबांच्या थडग्यावर एकच झेंडा लावला, अमेरिकेचा. ज्या देशासाठी ते लढले त्याचा.

एक गोष्ट इथेच सांगते. आपण बाई आहोत की पुरुष, हा झगडा पॉलींनी तरुणपणी फार सोसला. डॉक्टरांचे उंबरे झिजवले, कुणी दाद दिली नाही. पॉली हे सुटसुटीत नावसुद्धा त्यांनी स्वतः घेतलेलं. आज काही लोक त्यांच्याविषयी लिहिताना वेगळं सर्वनाम वापरतात. मराठीत सर्वनाम बदललं की क्रियापद, विशेषण, सगळंच बदलावं लागतं. त्यांनी आपल्या आठवणी बाई म्हणून लिहिल्या, म्हणून मी ‘त्या’ म्हणते. म्हणताना त्यांचा झगडा मनातून जात नाही.

गावात भिंतींवर त्यांची मोठाली रंगीत चित्रं आहेत. दोन पाहिली. मग धपाटे खाऊन घरी परतलो.

शुक्रवार, चॅपल हिल

एपिस्कोपल म्हणजे कोण, हे नातवानं गाडीत विचारलं. त्याला सांगितलं की इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची अमेरिकेतली शाखा. पुण्याचं पंचहौद मिशनचं चर्च त्याच परंपरेतलं. तेच पंचहौद, जिथे १८९० साली चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. “चहासाठी?” तो म्हणाला. हो, चहासाठी.

चॅपल ऑफ द क्रॉस हे फ्रँकलिन स्ट्रीटवर, विद्यापीठाला अगदी खेटून आहे. विटांचं लहानसं चॅपल १८४८ सालचं, शेजारी नंतर बांधलेलं मोठं चर्च. आम्ही जुन्या चॅपलमध्ये शिरलो. थंड, अर्धवट अंधारं. दारातून आत आलं की मागे वर माळा आहे. गुलामांनी तिथे बसायचं.

२० डिसेंबर १८५४ रोजी या चॅपलमध्ये पाच मुलांचा बाप्तिस्मा झाला. वहीत नोंद अशी की ‘मिस मेरी रफिन स्मिथ यांच्या मालकीची पाच नोकर मुलं’. नोकर हा शब्द सभ्यपणाचा, ती गुलाम मुलं होती. त्यांतली एक कॉर्नेलिया, पॉलींची आजी. तिची आई हॅरिएट ही स्मिथ घराण्याची गुलाम. मेरी रफिन यांच्या भावानं, सिडनी स्मिथनं, हॅरिएटवर बलात्कार केला, त्यातून कॉर्नेलिया झाली. म्हणजे मेरी रफिन या मुलीची सख्खी आत्या आणि मालकीण. ‘मालकीची’ हा शब्द आत्यानं भाचीसाठी वहीत लिहवला.

मी बाकावर बसले. आमच्या शाळेपासून काळाराम मंदिर चालत दहा मिनिटांवर. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटानं चालवला, आणि दार काही उघडलं नाही. दरवर्षी नववीच्या मुलींना मी त्या दारासमोर उभं करून हे सांगत असे. वर्गात सांगणं वेगळं आणि उंबऱ्यासमोर सांगणं वेगळं. काळारामाला दार बंद होतं. इथे दार उघडं होतं, वहीत नावसुद्धा होतं, आणि बसायला माळा होता. यांतलं कुठलं अधिक वाईट हे मला ठरवता आलं नाही. माळ्याकडे बघत बसले तेव्हा मात्र वाटलं की आत घेऊन वर बसवणाऱ्याला आपण काही चूक करतो आहोत हे कधी कळतच नसेल.

विद्यापीठाचं सांगायला हवं. मेरी रफिन स्मिथ यांनी आपली जमीनजुमल्याची इस्टेट मुख्यतः चर्चला आणि याच विद्यापीठाला ठेवली. पॉलींचे गोरे पूर्वज या विद्यापीठाचे विश्वस्त होते, इथे शिकले होते. १९३८ साली पॉलींनी पदव्युत्तर शिक्षणासाठी इथे अर्ज केला. उत्तर आलं, तुमच्या वंशाच्या लोकांना प्रवेश नाही. चाळीस वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच विद्यापीठानं त्यांना मानद पदवी देऊ केली. त्या वेळी राज्यातल्या विद्यापीठांमधला वंशभेद संपवण्याच्या योजनेवरून केंद्र सरकारशी विद्यापीठाचा वाद चालला होता. पॉलींनी पदवी नाकारली. मनात किती आलं असेल त्यांच्या! मावशीला, आजीला दाखवावी अशीच पदवी होती ती. तरी नाही म्हणाल्या.

त्याच्या एक वर्ष आधी त्या या चॅपलमध्ये आल्या होत्या. १३ फेब्रुवारी १९७७, रविवार. दीक्षा मिळून पाच आठवडे झाले होते, आणि पाद्री म्हणून पहिलं प्रभुभोजन, म्हणजे प्रार्थनेतला पाव-द्राक्षारसाचा प्रसाद, त्यांनी इथे वाढलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या एपिस्कोपल चर्चमध्ये एखाद्या बाईनं ते वाढण्याची ही पहिलीच वेळ. ज्या वाचनपीठावरून त्यांनी वाचलं, त्यावर मेरी रफिन स्मिथ यांचं नाव कोरलेलं. त्यावर उघडलेलं बायबल कॉर्नेलिया आजीचं.

वाचनपीठावर मालकिणीचं नाव, त्यावर गुलाम मुलीचं बायबल, आणि पानावर नातीचा हात. मी वर्गात तास-तास बोलून जे सांगू शकले नसते, ते त्या बाईंनी एका वाचनात करून दाखवलं. कुणाचं नाव खरवडून काढलं नाही. हिशेब चुकता करायला आल्या नव्हत्या, पाव वाटायला आल्या होत्या. त्या ओळीत गोरे-काळे सगळे हात पुढे करून उभे होते, आणि देणारी कॉर्नेलियाची नात.

नातू माळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “आजी, तिथे बसून बघूया?” मी नको म्हटलं. का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही.

शनिवार, पीटर्सबर्ग आणि वॉशिंग्टन

भल्या पहाटे निघालो. पंच्याऐंशी नंबरचा हायवे व्हर्जिनियात पीटर्सबर्गला जाऊन संपतो. तिथे कॉफीला थांबलो, गावात एक चक्कर मारली. जुन्या विटांच्या इमारती, शनिवारची सामसूम.

मार्च १९४० मध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, पॉली मैत्रिणीबरोबर न्यूयॉर्कहून डरहॅमला घरी निघाल्या होत्या. बस या गावात आली होती. काळ्यांनी मागे बसायचं. मागची सीट मोडकी आणि चाकावरची, म्हणून दोघी दोन ओळी पुढे सरकल्या. गोऱ्यांच्या मागेच, पण पुढे. ड्रायव्हरनं मागे जा म्हणून सांगितलं, त्या उठल्या नाहीत. पोलीस आले, अटक झाली. त्या दिवसांत पॉली गांधीजींच्या सत्याग्रहाविषयी वाचत होत्या. दांडीयात्रेत चाललेले गुजराती लेखक कृष्णलाल श्रीधराणी तेव्हा अमेरिकेत होते आणि सत्याग्रहावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक नुकतंच, १९३९ मध्ये, तिथे निघालं होतं. मग पीटर्सबर्गच्या तुरुंगात या दोघींनी काय करावं? आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. तुरुंगाधिकाऱ्याला अदबीनं लेखी अर्ज लिहिला, काय घडलं ते मुद्देसूद मांडलं.

कोर्टानं मोठी चलाखी केली. वंशभेदाच्या कायद्याखाली दोषी धरलंच नाही, शांतताभंगासाठी धरलं. त्यामुळे त्या कायद्याला आव्हान देण्याचा रस्ताच बंद झाला. दोघींनी दंड भरायला नकार दिला. पॉली वकिलीकडे वळल्या त्यात या खटल्याचा मोठा वाटा होता.

दुपारी वॉशिंग्टन. हॉवर्ड विद्यापीठावरून गाडी नेली. इथल्या लॉ कॉलेजात पॉली वर्गातल्या एकट्या बाई होत्या आणि १९४४ ला पहिल्या आल्या. पहिल्या आलेल्याला हार्वर्डला जाता येई, पण हार्वर्डनं बाई म्हणून घेतलं नाही. वंशभेदाला जिम क्रो म्हणत, तसं बाईपणावरून होणाऱ्या भेदाला त्यांनी ‘जेन क्रो’ नाव दिलं. वर्गातली एक हकिकत मला फार आवडते. ‘वेगळं पण समान’, म्हणजे गोऱ्या-काळ्यांना वेगवेगळ्या पण सारख्या सोयी, या तत्त्वावरच घाव घातला पाहिजे, असं त्या वर्गात म्हणाल्या तेव्हा बाकीचे हसले. पॉलींनी प्राध्यापक स्पॉट्सवूड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली की पंचवीस वर्षांच्या आत ते तत्त्व कोर्टात कोसळेल. त्यावर निबंधही लिहून दिला. दहा वर्षांतच, १९५४ ला, सर्वोच्च न्यायालयानं ते मोडलं. त्या खटल्याच्या वकिलांत रॉबिन्सन होते, आणि तयारीच्या वेळी त्यांनी विद्यार्थिनीचा तो निबंध काढून पाहिला होता. पॉलींना हे कळलं थेट १९६३ मध्ये! विद्यार्थिनीचा निबंध जपून ठेवला म्हणून त्या प्राध्यापकांना मी मानते. तिला वेळेवर सांगितलं नाही, याचा राग मात्र येतो.

नॅशनल कॅथीड्रल टेकडीवर आहे. १९०७ ला पाया, १९९० ला काम पूर्ण. आत मान मागे टाकून बघावं लागतं. ८ जानेवारी १९७७ ला इथे पॉलींना दीक्षा मिळाली. तिथवर त्या कशा आल्या? १९७३ च्या फेब्रुवारीत त्यांची जन्माची सोबतीण आयरीन बार्लो कॅन्सरनं गेली. शेवटच्या घटकेला पाद्री मिळेना, तेव्हा पॉलींनीच स्तोत्रं वाचली. त्या वेळी त्या ब्रँडाइस विद्यापीठात कायम प्राध्यापक होत्या. बासष्टाव्या वर्षी ती जागा सोडून त्या न्यूयॉर्कच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात दाखल झाल्या. स्त्रियांना पाद्रीपदाची दीक्षा द्यायला चर्चची तेव्हा परवानगीच नव्हती. मिळेल याची खात्रीही नव्हती. १९७६ च्या सप्टेंबरात चर्चच्या महासभेनं ठराव केला, तो १ जानेवारी १९७७ पासून लागू झाला, आणि आठव्या दिवशी पॉली इथे गुडघे टेकून होत्या. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. बिशपांनी डोक्यावर हात ठेवला त्याच वेळी ढगांतून ऊन आलं आणि खिडक्यांच्या रंगीत काचांमधून खाली पडलं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

खिडक्यांचंच पुढे आहे. १९५३ साली इथे दक्षिणेच्या सेनापतींच्या, ली आणि जॅक्सन यांच्या सन्मानार्थ रंगीत काचा बसवल्या होत्या. म्हणजे रॉबर्ट फिट्झजेराल्ड ज्या सैन्याविरुद्ध लढले, त्याचे सेनापती त्यांच्या नातीच्या दीक्षेच्या वेळी याच छताखाली काचेत उभे होते. त्या काचा २०१७ ला काढल्या. २०२३ मध्ये तिथे चित्रकार केरी जेम्स मार्शल यांच्या काचा आल्या. त्यांत फलक हातात घेऊन चाललेली काळी माणसं आहेत. दुपारच्या उन्हानं त्या काचांचा निळा-जांभळा रंग खाली दगडी फरशीवर सांडला होता. नातवानं त्यात हात धरला, मग बूट काढून पाय ठेवला. मीही पदर जरा पुढे करून पाहिला. पांढऱ्या पदरावर निळा डाग पडला आणि हलता हलता सरकला.

रविवार, बाल्टिमोर

वॉशिंग्टनहून तासाभराची वाट. पॉली इथे जन्मल्या आणि इथेच त्यांनी शेवटचं चर्च सांभाळलं. या गावाचं एक दुःखही आहे. वडील इथल्या शाळांत शिकवत. टायफॉइडनंतर मनानं खचले, त्यांना क्राउन्सव्हिलच्या काळ्यांसाठीच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. १९२३ साली तिथल्या एका पहारेकऱ्यानं त्यांना बेसबॉलच्या बॅटनं मारून टाकलं. पॉली तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. हे मी नातवाला सांगितलं नाही. लेकीला हळू आवाजात सांगितलं, तीही पुढे बराच वेळ बोलली नाही.

दीक्षेनंतरची वर्षं पॉलींनी मोठ्या पदावर काढली नाहीत. वॉशिंग्टनमध्ये आजाऱ्यांकडे, अंथरुणाला खिळलेल्यांकडे प्रार्थनेला जायच्या. एपिस्कोपल पाद्रींना बहात्तराव्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं. पण त्या वयाच्या सुमाराला पॉली बाल्टिमोरच्या चर्च ऑफ द होली नेटिव्हिटी या लहान मंडळीत काम करत होत्या, आणि १९८४ पर्यंत करत राहिल्या. १ जुलै १९८५ ला पिट्सबर्गमध्ये कॅन्सरनं गेल्या. २०१२ साली चर्चनं आपल्या संतांच्या पंचांगात त्यांचा दिवस लावला, १ जुलै.

सकाळच्या प्रार्थनेला आम्ही एका लहानशा एपिस्कोपल चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. नाव सांगत नाही, त्या माणसांचा रविवार त्यांचा आहे. वेदीजवळ पाद्री होत्या त्या बाई, पन्नाशीच्या, काळ्या. कुणी तिकडे वळूनही पाहत नव्हतं. पाव घ्यायला लोक ओळीनं पुढे जाऊ लागले तेव्हा शेजारच्या आजी माझ्याकडे झुकून म्हणाल्या, “बाप्तिस्मा झालेला नसला तरी या. हात छातीवर असे फुली करून धरा, मग त्या नुसता आशीर्वाद देतात.” त्यांनी करून दाखवलं.

मी लेकीकडे पाहिलं. “जा ना, आई,” ती म्हणाली.

ओळ हळूहळू सरकत होती. माझ्यापुढे एक मुलगा होता, त्यानं दोन्ही तळहातांची ओंजळ केली होती, आपण तीर्थ घेतो तशी. त्याच्या ओंजळीत पाव ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. मी हात छातीवर धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, गरम आणि बराच जड, आणि काही शब्द पुटपुटल्या. मग हात न काढता हळूच विचारलं, कुठून आलात?

“नाशिक,” मी म्हटलं.

त्यांनी ते नाव एकदा म्हणून पाहिलं, बरोबर झालं का म्हणून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.